अठ्ठावीस मणांची खंडी

सीतादही होऊन पहिला वेचा घरात आला, की यवतमाळ जिल्ह्यातील कापसाच्या गाड्या बाजाराच्या आवाराकडे वळू लागतात. या दिवसांत तेथे कान देऊन उभे राहिले, तर दोन प्रकारचे भाव ऐकू येतात. शेतकऱ्यास सांगितला जातो तो कापसाचा भाव क्विंटलचा असतो. जिनिंगवाले आणि गिरण्यांचे दलाल आपसांत बोलतात तो रुईचा भाव मात्र खंडीचा. ही खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो. दशमान वजने देशभर सक्तीची झाली त्याला १ एप्रिल १९६२ पासून सहा दशके उलटून गेली; शंभराच्या हिशेबात न बसणारा हा आकडा अजून टिकून आहे. तो कोठून आला, याचा शोध घेऊ लागलो तेव्हा वऱ्हाडातील वजनमापांचा सारा इतिहासच आमच्यापुढे उलगडत गेला.

खंडी या शब्दाचा अर्थ मराठी माणसास शिकवावा लागत नाही. वीस मणांची एक खंडी. म्हणूनच विसाच्या गणतीलाही आपण खंडी म्हणतो. मुंबईच्या बाजारातील जुना मण २८ पौंडांचा होता, तेव्हा तेथील खंडी ५६० पौंडांची झाली. येथवर हिशेब सरळ आहे. कापसाची खंडी मात्र ७८४ पौंडांची मानली जाई. भागाकार करून पाहावा: ती २८ मणांची भरते! नाव विसाचे आणि पारड्यात अठ्ठावीस, ही व्यापाराची वहिवाट होती. त्या ७८४ पौंडांचे किलो केले की ३५५.६ येतात. आजचा आकडा तो हाच.

मणाची कथाही अशीच. मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर रेल्वेने मालवाहतुकीसाठी स्वीकारलेला बंगाली मण ८२ पौंडांहून थोडा अधिक, म्हणजे जवळजवळ तिप्पट. दारव्ह्याच्या शेतकऱ्याने ‘मण’ हा शब्द उच्चारला, तर तो कोणता, हे समोरच्याने ठरवावयाचे. ज्याच्या हाती तराजू त्याच्या तोंडी शब्दाचा अर्थ, अशी ही स्थिती होती. एफा लहान आणि शेकेल मोठा करणाऱ्या व्यापाऱ्यांना आमोस संदेष्ट्याने खडसावले होते. धान्य विकताना माप आखूड, किंमत घेताना वजन जड, असे ते दुहेरी कसब. इतक्या दूरच्या काळातील ते शब्द आम्ही जिल्ह्याचा इतिहास चाळताना आठवत होतो.

तरी गावाकडचे जुने व्यवहार अप्रामाणिक होते असे कोणी समजू नये. खेड्यात धान्य तोलत नसत, मापत असत. चिपटे, शेर, पायली, कुडव ही सारी आकारमानाची मापे. मापारी पहिले माप टाकताना ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणे आणि मग दोन, तीन असे मोजत जाई. माप शिगेचे की सपाट, एवढाच काय तो वाद असे. आणि तो वाद सर्वांसमक्ष, खळ्यावरच मिटे. बलुतेदारांचा वाटा त्याच मापाने दिला जाई. म्हणून सुताराला, लोहाराला, महाराला, सगळ्यांनाच गावच्या पायलीची ओळख होती. तिचा काठ झिजला किंवा तळ वर आला, तर चार माणसांच्या ध्यानात येई. पेठेगणिक शेर निराळा असला तरी ज्याच्या त्याच्या गावात तो जाणता होता. अशा ओळखीच्या मापाला सरकारी शिक्क्याची निकड फारशी भासत नाही.

कापसाने ही घडी मोडली. कापूस पायलीत भरता येत नाही. दाबाल तेवढा दबतो. तो तोलावाच लागतो. शिवाय तो गावात खपत नाही. अनोळखी माणसाला विकावा लागतो आणि तो माणूस स्वतःचा काटा घेऊन येतो. वऱ्हाडात वजनांच्या एकसूत्रीपणाचा प्रश्न ज्वारीने उभा केला नाही, कापसाने केला, असे आमचे मत आहे.

एक आधार मात्र शेतकऱ्याच्या कनवटीलाच होता. ईस्ट इंडिया कंपनीने १८३३ च्या विनियमाने तोळा १८० ग्रेनचा ठरविला आणि १८३५ पासून कंपनीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा पाडला जाऊ लागला. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ऐंशी रुपयेभार. ज्याच्याजवळ ऐंशी खणखणीत रुपये असतील त्याने दुकानदाराचा शेर खुशाल पडताळून पाहावा! अर्थात ऐंशी रुपये एकत्र किती कुणब्यांनी पाहिले असतील, हा प्रश्न उरतोच. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला, तरी जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरील पैनगंगेपलीकडे निजामाचेच राज्य होते आणि तेथे हाली सिक्का चालत होता. नदी ओलांडली की नाणे बदले, आणि नाण्याबरोबर वजनही.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडाकडे लागले. कापसात माती, सरकी, पाणी मिसळले जाते अशी त्यांची ओरड होती. त्यासाठी मुंबई सरकारने १८६३ साली कापसातील लबाडीविरुद्ध कायदा केला. पुढे मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांसाठी रिव्हेट-कार्नॅक यांची कापूस आयुक्त म्हणून नेमणूक झाली. शेतकरी खरेदीदाराला फसवितो, ही चिंता सरकारदरबारी पोचावयास वेळ लागला नाही. खरेदीदार शेतकऱ्याला फसवितो ही पोचावयास बरीच वर्षे लागली.

याच काळातील एक विलक्षण योगायोग सांगण्याजोगा आहे. खामगावच्या कापूस बाजारापर्यंत रेल्वेचा फाटा आला, तेव्हा १८७० साली त्याचे उद्घाटन करावयास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः वऱ्हाडात आले. त्यांच्याच कारकिर्दीत हिंदुस्थानसाठी एकच वजन ठरविण्याचा विचार पुढे गेला. कर्नल रिचर्ड स्ट्रेची यांच्या समितीने फ्रेंचांची दशमान पद्धती घ्यावी असे सुचविले होते. त्याप्रमाणे १८७० आणि १८७१ साली कायदे झाले; नाव ‘शेर’ हेच ठेवून वजन किलोग्रॅमइतके करावयाचे, अशी ती योजना. फेब्रुवारी १८७२ मध्ये अंदमानात लॉर्ड मेयोंचा खून झाला आणि कायदा कागदावरच राहिला. तो अमलात आला असता, तर किलो वऱ्हाडात नव्वद वर्षे आधी आला असता, तोही शेराचे नाव घेऊन!

अखेर वाट निघाली ती दिल्ली-कलकत्त्याहून नव्हे, खुद्द वऱ्हाडातून. हैदराबादच्या रेसिडेंटच्या आदेशाने १८८६ साली कारंजा येथील कापूस बाजार नियमबद्ध करण्यात आला. हा हिंदुस्थानातील पहिला नियंत्रित बाजार मानला जातो. कारंजा आज वाशीम जिल्ह्यात आहे. परंतु मूर्तिजापूरहून यवतमाळला येणारी अरुंद रुळांची गाडी, लोकांची ‘शकुंतला’, कारंजा आणि दारव्हा ही गावे घेतच येत असे, हे सांगितले म्हणजे आमच्या जिल्ह्याशी त्याचा संबंध लक्षात येईल. त्यानंतर १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा झाला. यवतमाळ जिल्ह्याचे नाव त्या वेळी वणी जिल्हा असे होते. आजचे नाव १९०५ साली मिळाले.

या कायद्याने जाहीर झालेल्या बाजाराच्या पाच मैलांच्या आत दुसरा बाजार भरविण्यास मनाई केली, दलाल आणि मापारी यांना परवाना घेणे भाग पाडले आणि देखरेखीस समिती नेमली. मापाऱ्यास परवाना ही गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. तोवर तो व्यापाऱ्याचा माणूस होता. आता निदान कागदोपत्री तो बाजाराचा झाला. समितीत मात्र भरणा होता व्यापाऱ्यांचा आणि नगरपालिकेच्या सभासदांचा. ज्याचा माल पारड्यात पडावयाचा, त्या शेतकऱ्याला तेथे जागा नव्हती. १९२८ साली अहवाल देणाऱ्या शेतकीविषयक रॉयल कमिशनने वऱ्हाडच्या बाजारांची वाखाणणी केली, हा नमुना इतर प्रांतांनी घ्यावा असे सुचविले, आणि नेमक्या याच उणिवेवर बोटही ठेवले.

कारण लबाडी केवळ लोखंडाच्या वजनात नसते. दांडी कलती असेल तर ती समतोल करण्यासाठी हलक्या बाजूला पासंग बांधतात; तो पासंगच शेरभर असला तर शिक्क्याचे वजन काय करणार? दांडी मारणे, काटा मारणे हे वाक्प्रचार भाषेत उगाच आलेले नाहीत. भाव ठरे रुमालाखाली, बोटे दाबून. ज्याचा माल त्याला तो शेवटी कळे. तोल झाल्यावर पोत्याचा कडता, नमुन्याचा कापूस, धर्मादाय, तोलाई, हमाली अशी कापणी सुरू होई. धर्मादाय शेतकऱ्याच्या पैशांतून जाई, पुण्य कोणाच्या खाती जमा होई हे निराळे सांगावयास नको.

सारा देश एका वजनावर आणण्याचे काम यानंतरही रेंगाळले. १९१३ साली नेमलेल्या सिल्बेरॅड समितीने ऐंशी तोळ्यांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण हीच पद्धती सुचविली. मध्य प्रांताने १९२८ साली आपला कायदा केला. केंद्राचा वजनकायदा १९३९ चा. तो अमलात आला १ जुलै १९४२ रोजी. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती स्वीकारली गेली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला यवतमाळ जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. म्हणजे राजधानी बदलली, एप्रिल १९५७ मध्ये आणे जाऊन नवे पैसे आले आणि ऑक्टोबर १९५८ पासून देशाच्या निवडक भागांत किलो येऊ लागला. एवढे फेरफार दोन वर्षांत पचविणे खेड्यातल्या माणसाला सोपे नव्हते.

तो काळ आमच्या बालपणाचा. शेर ९३३ ग्रॅमचा, म्हणजे किलोहून किंचित हलका. दुकानदाराने शेराचा भाव किलोला लावला तर गिऱ्हाईकाचा फायदा, आणि शेराचे वजन ठेवून किलोचा भाव घेतला तर दुकानदाराचा. पहिला प्रकार आमच्या पाहण्यात आला नाही. एका बाजारगावी आमचे वडील कापसाची गाडी घेऊन गेले होते. घरी मणांत तोललेला माल तेथे क्विंटलांत तोलला गेला. एक क्विंटल म्हणजे दोन मण सत्तावीस शेर, हा हिशेब वडिलांनी परतीच्या वाटेवर गाडीत बसून तीनदा केला, आणि तिन्ही वेळा वीस-बावीस शेर कमी भरले. घरी आजीने विचारले, “थे किलो-फिलो राहू दे बाप्पा, शेरात सांग.” वडिलांनी शेरात सांगितले. आजी म्हणाली, “मंग वजन बदललं, मापारी थोच हाये.” या वाक्यात १८९७ च्या कायद्याची जेवढी समीक्षा आहे, तेवढी आम्हांला पुढे मोठ्या ग्रंथांतही सापडली नाही.

आजीचे म्हणणे पुरते खरे मानले, तर मात्र अन्याय होईल. महाराष्ट्राच्या १९६३ च्या बाजार समिती कायद्याने शेतकऱ्यांचे प्रतिनिधी समितीत आले, आणि तेही बहुमताने. दगड, फुटके लोखंड, पासंग हे सारे गेले. वजनाच्या पोटातील शिशावर निरीक्षकाचा शिक्का येऊ लागला. २००९ चा वैधमापन कायदा १ एप्रिल २०११ पासून लागू झाल्यावर इलेक्ट्रॉनिक काट्यांची आणि गाडीसकट तोलणाऱ्या मोठ्या काट्यांची ठराविक मुदतीने पडताळणी होते. काट्यावरचा आकडा शेतकरी आता स्वतः वाचतो. त्या आकड्याविषयीचे भांडण पुष्कळ कमी झाले आहे, ही लहान गोष्ट नव्हे.

भांडण आता आकड्याच्या पुढच्या पायरीवर गेले आहे. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव, बारापर्यंत असेल तर कपात, त्यापुढे माल परत. खाजगी खरेदीत क्विंटलमागे कट्टी किती, हा वाद दर हंगामात होतोच. वजन करणारे यंत्र शिक्क्याचे असते. ओलावा मोजताना यंत्राची सुई कापसाच्या कोणत्या थरात खुपसावयाची, ते माणूस ठरवितो.

आणि खंडी आहेच. क्विंटलभर कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघते, बाकी सरकी. म्हणजे एका खंडीस साडेदहा क्विंटलांच्या जवळपास कापूस लागतो. रुईच्या खंडीचा भाव वर्तमानपत्रात वाचून आपल्या क्विंटलास किती यावयास हवेत, हे ज्याला काढावयाचे असेल त्याने रुईचा उतारा, सरकीचा भाव आणि पिंजणीचा खर्च धरून, २८ पौंडांच्या अठ्ठावीस मणांमधून वाट काढावी. व्यापाऱ्याला हे गणित तोंडपाठ असते. ही खंडी मोडीत निघेल असे वाटत होते. परंतु २०२३ साली मल्टी कमोडिटी एक्स्चेंजने कापसाच्या वायद्यांचा भाव १७० किलोच्या गाठीऐवजी ३५६ किलोच्या खंडीवर सांगावयास सुरुवात केली.