फिल्मस्पेलर खटला

फिल्मस्पेलर खटला (क्रमांक सी-५२७/१५) हा युरोपियन संघाच्या न्यायालयासमोर चाललेला स्वामित्वहक्कविषयक खटला होय. याचा निकाल २६ एप्रिल २०१७ रोजी लागला. दूरचित्रवाणी संचाला जोडावयाच्या स्ट्रीमिंग बॉक्समध्ये अनधिकृत संकेतस्थळांकडे नेणारे ॲड-ऑन जाणूनबुजून आधीच भरून तो विकणे, हा स्वामित्वहक्काचा भंग ठरू शकतो, हे या निकालाने स्पष्ट झाले.

पार्श्वभूमी

डच भाषेत 'फिल्मस्पेलर' म्हणजे चित्रपट दाखवणारे यंत्र. नेदरलँड्समधील एक व्यावसायिक या नावाची उपकरणे आपल्या संकेतस्थळावरून विकत असे. मूळ उपकरण निर्दोष होते आणि त्यातील मुक्तस्रोत सॉफ्टवेअरही वैध होते. मात्र विक्रेत्याने इतरांनी तयार केलेले ॲड-ऑन त्यात बसवले होते. त्यांतील काही वैध संकेतस्थळांकडे, तर काही हक्कधारकांच्या परवानगीविना चित्रपट, मालिका व क्रीडासामने दाखवणाऱ्या संकेतस्थळांकडे नेत. यापुढे वर्गणी भरण्याची गरज नाही, अशा आशयाची जाहिरातही तो करी.

हक्कधारकांच्या वतीने काम करणाऱ्या 'ब्राइन' या डच प्रतिष्ठानाने मे २०१४ मध्ये विक्री थांबवण्याची मागणी केली आणि जुलैमध्ये मध्य नेदरलँड्स जिल्हा न्यायालयात दावा दाखल केला. त्या न्यायालयाने कायद्याच्या अर्थासंबंधीचे प्रश्न लक्झेंबर्ग येथील युरोपियन संघाच्या न्यायालयाकडे पाठवले.

निकाल

स्वामित्वहक्कासंबंधीच्या २००१ च्या युरोपीय निर्देशानुसार, कलाकृतीचे 'सार्वजनिक संप्रेषण' करण्याचा, म्हणजे ती लोकांपर्यंत पोहोचवण्याचा अधिकार हक्कधारकाकडे असतो. केवळ भौतिक साधने पुरवणे मात्र संप्रेषण मानले जात नाही. विक्रेत्याची बाजू याच अपवादावर उभी होती. सामग्री दुसऱ्याच्या संगणकावर, ॲड-ऑन तिसऱ्याचे, आपण विकतो तो नुसता बॉक्स, असा हा युक्तिवाद होता. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो.

न्यायालयाने तो मान्य केला नाही. अनधिकृत संकेतस्थळे सतत बदलत असल्याने सामान्य प्रेक्षकाला ती शोधणे कठीण जाते. विक्रेत्याच्या ॲड-ऑनमुळे तो तेथे थेट पोहोचतो. असे असताना हा व्यवहार नुसत्या साधनाची विक्री राहत नाही. विक्रेता हे नफ्यासाठी करत होता, आणि परिणामांची त्याला पूर्ण जाणीव होती. त्याची जाहिरातच त्याच्याविरुद्धचा बोलका पुरावा ठरली, हे या खटल्याचे वैशिष्ट्य म्हटले पाहिजे.

प्रेक्षकांच्या दृष्टीने निकालाचा दुसरा भाग महत्त्वाचा आहे. स्ट्रीमिंग होताना उपकरणात सामग्रीची क्षणिक प्रत तयार होते. अशा तात्पुरत्या प्रतींना असलेली सूट, अनधिकृत स्रोतांतून हेतुपुरस्सर सामग्री पाहणाऱ्यास लागू होत नाही, असे न्यायालयाने ठरवले.

अन्य देशांतील कारवाई

ब्रिटनमधील मिडल्सब्रो येथील एका दुकानदाराने असे बॉक्स विकल्याचा व त्यांची जाहिरात केल्याचा गुन्हा कबूल केला. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याला १८ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. तिची अंमलबजावणी दोन वर्षांसाठी स्थगित ठेवण्यात आली. अमेरिकेत चित्रपटकंपन्या, नेटफ्लिक्स आणि ॲमेझॉन यांनी टिकबॉक्सच्या विक्रेत्या कंपनीविरुद्ध २०१७ मध्ये लावलेला दावा पुढील वर्षी २.५ कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला.

भारतातील स्थिती

फिल्मस्पेलर निकाल भारतात बंधनकारक नाही. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ तांत्रिक संरक्षण भेदणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड सांगते. पण भेदण्याचे साधन विकणाऱ्याचा स्वतंत्र गुन्हा त्यात नाही. त्यामुळे अशा विक्रेत्याच्या बाबतीत कलम ६३ अधिक महत्त्वाचे ठरते. जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याबरोबरच त्यास अपप्रेरणा देणाराही या कलमाखाली दोषी ठरतो. शिक्षा सर्वसाधारणपणे सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड अशी आहे. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने निट प्रो इंटरनॅशनल खटल्यात मे २०२२ मध्ये दिला.