खुब्याच्या शस्त्रक्रियेत कर्करोग आढळतो तेव्हा

साठी उलटलेल्या माणसाचा खुबा दुखू लागला, की पहिला संशय सांध्याच्या झिजेचा घेतला जातो. बहुतेकदा तो खराही असतो. गोळ्या आणि व्यायामाने भागेनासे झाले, की सांधा बदलण्याचा सल्ला मिळतो. या शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडाचा चेंडूसारखा माथा कापून काढतात व त्या जागी कृत्रिम सांधा बसवतात. क्वचित या काढलेल्या हाडातच कर्करोगाच्या पेशी आढळतात. किरकोळ पडण्याने मोडलेल्या खुब्याच्या बाबतीतही हे घडते. हाड आधीच पोखरलेले असते, पडणे केवळ निमित्त ठरते.

असा कर्करोग बहुधा मूळ हाडातला नसतो. स्तन, प्रोस्टेट, फुफ्फुस, मूत्रपिंड किंवा थायरॉइड येथून तो हाडात उतरलेला असतो, अथवा मल्टिपल मायलोमा हा अस्थिमज्जेचा विकार निघतो. हाडातच सुरू होणारा कर्करोग विरळा. त्यांपैकी ऑस्टिओसार्कोमा मुख्यतः किशोरवयात, गुडघ्याजवळ होतो. प्रौढांच्या कटीच्या व खुब्याच्या हाडात मात्र कॉन्ड्रोसार्कोमा हा कूर्चेपासून होणारा प्रकार दबा धरून बसतो. त्याच्या नेहमीच्या प्रकारावर केमोथेरपी व किरणोपचार फारसे चालत नाहीत. गाठ अखंड काढणे हाच खरा उपाय.

धोका नेमका इथेच आहे. झीज समजून गाठीतूनच हाड कापले गेले, तर तिच्या पेशी जखमेत सांडतात. मोडलेल्या हाडाच्या पोकळीत सळई घातली, तर त्या हाडभर पोहोचतात. मग जो पाय वाचला असता, तोही गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून शस्त्रक्रियेत हाड भुसभुशीत किंवा वेगळ्याच रंगाचे दिसले, तर जाणता शल्यविशारद नमुना घेऊन तिथेच थांबतो. मऊ ऊतींचा अंदाज गोठवून केलेल्या तपासणीतून तासाभरात मिळू शकतो. टणक हाडातील कॅल्शियम आधी काढावे लागते आणि अहवालाला काही दिवस लागतात. ते दिवस घरच्यांना जड जातात, पण घाईची किंमत त्याहून मोठी असते.

अमेरिकेतील अस्थिरोगतज्ज्ञ हेन्री मॅनकिन व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये अशा गाठींच्या ३२९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढील उपचार जिथे व्हायचे त्या केंद्राऐवजी इतरत्र बायॉप्सी झालेल्यांत चुका व गुंतागुंती कितीतरी अधिक होत्या. काहींना अवयव विनाकारण गमवावा लागला होता. १९९६ मध्ये ५९७ रुग्णांच्या अभ्यासातही चित्र फारसे पालटले नव्हते.

प्रत्येक काढलेला माथा तपासावा का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. बहुतांश अहवालांत झीजच निघते आणि खर्च मात्र वाढतो, हा आक्षेप खोटा नाही. तरीही विश्रांतीत वा रात्री ठणकणारा खुबा, घटणारे वजन किंवा पूर्वी झालेला कर्करोग, यांपैकी काही असेल तर तपासणी टाळणे समर्थनीय नाही. शस्त्रक्रियेपूर्वी एमआरआय व गरजेनुसार बायॉप्सी झाली, तर प्रसंगच टळू शकतो.

अहवालात कर्करोग निघाल्यास जुनी क्ष-किरण चित्रे, शस्त्रक्रियेची नोंद आणि पॅथॉलॉजी प्रयोगशाळेतील काचपट्ट्या व मेणाचे ठोकळे ताब्यात घ्यावेत. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या केंद्रात निदानाची फेरतपासणी यांवरूनच होते.