लिहिणारा एक, शिक्का दुसऱ्याचा : वत्सगुल्मापासून संकेतस्थळापर्यंत

(दीर्घ धागा. सवडीने वाचावा.)

वाशिमसारख्या जिल्ह्याच्या शासकीय संकेतस्थळावर एखादी निविदा किंवा भरतीची जाहिरात झळकते, तेव्हा ती कुणा एकाच माणसाने लिहून तिथे टाकलेली असू नये, असा दंडक आहे. शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ साली प्रथम निघाली. मजकूर कोणी द्यायचा, कोणी तपासायचा आणि कोणी मंजूर करायचा, याचे लेखी धोरण प्रत्येक खात्याने ठरवावे, असे ती सांगतात. एका हाताला लिहिण्याची मुभा असते, पण प्रसिद्ध करण्याची नसते. दुसरा हात प्रसिद्ध करू शकतो, पण मूळ मजकूर त्याचा नसतो. संगणकाच्या परिभाषेत यालाच ‘भूमिका आणि परवानग्या’ म्हणतात.

शब्द नवे आहेत, प्रश्न मात्र फार जुना आहे. राजाच्या नावाने बोलण्याचा अधिकार नेमका कोणाच्या हाती असावा? आणि त्या हातावर लक्ष कोणी ठेवावे?

याचा जुना पुरावा शोधायला वाशिमकरांना गावाबाहेर जावे लागत नाही. १९३९ साली वाशिमात एक ताम्रपट उजेडात आला. तो वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेतील विंध्यशक्ती (दुसरा) याचा आहे. वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशिम. हा राजा सर्वसेनाचा पुत्र आणि पहिल्या प्रवरसेनाचा नातू. काळ चौथ्या शतकाचा उत्तरार्ध, राज्यवर्ष ३७ वे. नांदीकट प्रदेशातील आकासपद्द नावाचे गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दिल्याची ही सनद आहे. नांदीकट म्हणजे नांदेड, असे वा. वि. मिराशींचे मत आहे.

इतिहासाच्या पुस्तकांत या ताम्रपटाचे महत्त्व वंशावळीपुरते सांगितले जाते. वाकाटकांची दुसरी शाखा यामुळे पक्की झाली, हे खरेच आहे. पण मला त्यातला खरा ऐवज पुढे सापडतो. या गावाला काय काय करावे लागणार नाही, याची तिथे एक लांबलचक यादी आहे. सैनिकांनी गावात शिरायचे नाही. मीठ खणायचे नाही. सोने आणि धान्य मागायचे नाही. फुले आणि दूध उचलून न्यायचे नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी गावाने खाटा पुरवायच्या नाहीत. एकेक कलम वाचताना जाणवते की, ज्या गावांना अशी सनद मिळाली नव्हती तिथे हे सगळे रोज घडत असणार! ज्या अधिकाऱ्यांना एरवी सर्वत्र प्रवेश होता, त्यांचा प्रवेश या एका गावापुरता काढून घेतला होता. परवानग्यांचा तक्ता म्हणतात तो याहून वेगळा नसतो.

आणि शेवटी लेखकाचे नाव येते : सेनापती वण्हु. सैन्याचा प्रमुख सनद कशाला लिहील, हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण वाकाटकांच्या ताम्रपटांत सेनापतीचे नाव वारंवार येते. अमरावती जिल्ह्यातील चम्मक येथील ताम्रपटावर सेनापती चित्रवर्म्याची नोंद आहे. सनदा काढण्याची जबाबदारी या पदाशी जोडलेली असावी, एवढे त्यावरून दिसते. प्रत्यक्ष अक्षर लिहिणारा वेगळाही असे. बैतूल जिल्ह्यातील पट्टण येथे मिळालेल्या दुसऱ्या प्रवरसेनाच्या ताम्रपटाचा लेखक चक्क कालिदास नावाचा आहे. (तो मेघदूताचा कर्ता होता का, यावर समाजमाध्यमांत दर महिन्याला भांडण होते. नाव सारखे असणे हा पुरावा नव्हे, इतके सांगून मी पुढे सरकतो.)

चम्मकच्या ताम्रपटावर थोडे थांबायला हवे, कारण त्यात दिलेली परवानगी परत घेण्याची सोय आहे. दुसऱ्या प्रवरसेनाने राज्यवर्ष १८ मध्ये हे गाव ब्राह्मणांना दिले. चंद्रसूर्य असेपर्यंत उपभोग घ्यावा, हे नेहमीचेच वचन. पण त्यालाच अटी जोडल्या आहेत : राज्याचा द्रोह करू नये, चोरी-व्यभिचार करू नये, युद्ध करू नये, दुसऱ्या गावांना उपद्रव देऊ नये. अटी मोडल्या आणि राजाने जमीन काढून घेतली, तर ती चोरी ठरणार नाही, असेही लिहून ठेवले आहे. ‘चंद्रसूर्य असेपर्यंत’ या शब्दांमागे इतका सावध कायदेशीर हिशेब दडला असेल, असे सहसा वाटत नाही.

हा सावधपणा अनाठायी नव्हता. खोटी राजशासने ही त्या काळची खरी डोकेदुखी होती. मनुस्मृतीत कूटशासन करणाऱ्याला, म्हणजे बनावट राजाज्ञा तयार करणाऱ्याला, देहदंड सांगितला आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात राजाज्ञा लिहिण्यावर एक स्वतंत्र प्रकरण खर्ची घातले. पत्रलेखक अमात्याच्या योग्यतेचा असावा, ही त्याची अपेक्षा. याज्ञवल्क्य स्मृती सांगते की दानपत्र कापडावर किंवा ताम्रपटावर असावे, त्यावर राजाची मुद्रा असावी, पूर्वजांची नावे असावीत, काळ असावा आणि राजाच्या हातची खूण असावी. बाराव्या शतकाच्या सुमारास कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने या स्मृतीवर मिताक्षरा लिहिली. मसुदा संधिविग्रहाच्या अधिकाऱ्याने करावा, हे वचन तिथे उद्धृत आहे. थोडक्यात, मसुदा एकाचा, खूण दुसऱ्याची.

आता एकदम तेराशे वर्षे पुढे, रायगडावर येऊ. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांची कामे ठरवून देणारा कानुजाबता उपलब्ध आहे. शाळेत आपण अष्टप्रधानांची यादी पाठ करतो, पण राजपत्रांच्या दृष्टीने हा जाबता वाचला की निराळेच चित्र उभे राहते. राजपत्रावर मुख्य प्रधानाने शिक्का करायचा. सचिवाने पत्र शोधून अधिक-उणे अक्षर दुरुस्त करायचे. इतर प्रधानांनी आपापल्या खात्याच्या पत्रांवर आपले चिन्ह करायचे. लेखन चिटणिसाचे. एका कागदाला इतक्या हातांतून जावे लागे.

कागदाची रचनाही याच हेतूने ठरली होती. माथ्यावर शिक्का आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब. मोर्तबाखाली कुणी एक ओळ जरी वाढवली, तरी ती उघडी पडे. लांब पत्रासाठी कागदाचे बंद एकमेकांना चिकटवत, तेव्हा मागच्या बाजूला सांध्यावर शिक्का उमटवीत. मधला बंद कुणी बदलला, तर शिक्क्याचे दोन अर्ध जुळणार नाहीत. आज आपण सहज ‘शिक्कामोर्तब झाले’ म्हणतो. त्या जोडशब्दात कागदाची दोन टोके आहेत.

पण हात वाटून दिले की जबाबदारीही वाटली जाते, आणि तिथे माणसे चिरडतात. एप्रिल १६८० मध्ये शिवाजी महाराजांचे निधन झाले. सचिव अण्णाजी दत्तो आणि त्यांच्या गटाने राजारामांना पुढे करून संभाजीराजांना पन्हाळ्यावर अटकेत ठेवण्याचा घाट घातला. त्यासाठी पत्र हवे होते, आणि पत्र म्हणजे चिटणीस. चिटणीस घराण्याच्या बखरीत अशी हकीकत येते की, बाळाजी आवजींनी स्वतःच्या हाताने ते पत्र लिहिण्यास नकार दिला, अखेर ते त्यांच्या मुलाच्या हातून लिहिले गेले. १६८१ मध्ये संभाजीराजांनी अण्णाजी दत्तोंबरोबर बाळाजींनाही देहान्त शिक्षा दिली. बखरकार मल्हार रामराव हा त्याच घराण्यातला, त्यामुळे ‘नकार दिला’ हा तपशील जरा तोलूनच घ्यायला हवा. तरीही त्यातला पेच खराच आहे. ज्याचा हात, त्याचा गुन्हा? की ज्याचा हुकूम, त्याचा? बाळाजींचे पुत्र खंडो बल्लाळ पुढे संभाजी व राजाराम या दोघांच्याही सेवेत राहिले, याला राजांचा न्याय म्हणावे की पश्चात्ताप, ते ज्याने त्याने ठरवावे.

गावपातळीवर हीच विभागणी अधिक ढोबळ आणि अधिक देखणी होती. मराठी मुलखातल्या जुन्या महजरांवर वतनदारांच्या निशाण्या दिसतात : पाटलाचा नांगर, कुलकर्ण्याची लेखणी, न्हाव्याचा आरसा, कुंभाराचे चाक. अक्षर येत नसले तरी संमतीचा अधिकार होता. निर्णय गोतसभेचा, मजकूर मात्र एकट्या कुलकर्ण्याचा.

गोम इथेच आहे. ज्याने नांगराची निशाणी उमटवली, त्याला वर काय लिहिले आहे हे वाचता येत नव्हते. आपण आतापर्यंत पाहिलेली सगळी व्यवस्था राजाला लेखकापासून वाचवते. रयतेला लेखकापासून कोण वाचवणार? १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी अक्षरशून्य शेतकऱ्याच्या नाडवणुकीवर बोट ठेवले, ते याच जागी. त्याआधी मे १८७५ मध्ये सुपे येथून दंगे सुरू झाले, तेव्हा शेतकऱ्यांचा रोख सावकारांच्या दस्तऐवजांवर होता. त्यांनी खतपत्रे जाळली. न वाचता आलेल्या कागदावर उमटवलेली खूण पुसायला त्यांच्याजवळ दुसरा उपाय उरला नव्हता. सरकारने १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. त्यात ग्रामनिबंधक नावाची नवी भूमिका जन्माला आली : शेतकऱ्याचे कर्जखत त्याच्या देखरेखीखाली लिहिले गेले पाहिजे. हा कायदा मुळात पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या ४ जिल्ह्यांपुरता होता. वऱ्हाड, म्हणजे वाशिमही, त्याबाहेर राहिले.

संगणकाच्या जगात हा विचार आला तो पुष्कळ उशिरा. साल्ट्झर आणि श्रोडर यांनी १९७५ मध्ये मांडले की प्रत्येकाला त्याच्या कामापुरतीच, किमान मुभा द्यावी, आणि महत्त्वाच्या कामाला एकाहून अधिक किल्ल्या असाव्यात. संकेतस्थळे बांधण्यासाठी आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या वर्डप्रेसमध्ये सुरुवातीला वापरकर्त्यांना ० ते १० अशा पायऱ्या होत्या. जितका आकडा मोठा, तितका अधिकार मोठा. २००५ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत आकड्यांच्या जागी भूमिका आल्या : प्रशासक, संपादक, लेखक, योगदानकर्ता. योगदानकर्ता लिहू शकतो, प्रसिद्ध करू शकत नाही. आकड्यांच्या पायऱ्या ही दरबाराची उतरंड होती, नावाच्या भूमिका हा कानुजाबता आहे.

वाचणाऱ्याचा हक्कही २००५ मध्येच कायद्यात आला. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील कलम ४ प्रमाणे शासकीय कार्यालयांनी आपली माहिती कुणी मागण्याआधीच स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. संकेतस्थळावरच्या त्या जाहिरातीमागे आज हाही हात आहे.

वाशिमच्या ताम्रपटाबद्दल एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली होती. त्याची भाषा एक नाही. राजाची वंशावळ आणि बिरुदे संस्कृतात आहेत. पण सैनिकांनी शिरायचे नाही, दूध न्यायचे नाही, खाटा मागायच्या नाहीत, हा सगळा भाग प्राकृतात आहे.