विचारणारा आणि सांगणारा

ब्रह्मपुरीच्या जिज्ञासू श्रोत्यांपुढे संशोधनपद्धतीवर बोलण्याचा आमचा अधिकार काय? शाळेत आम्ही सातवीपर्यंतच गेलो. पुढचे शिकलो ते संघटनेच्या कामात, माणसांना प्रश्न विचारता विचारता. परंतु विद्यापीठात जिला मुलाखत-पद्धती म्हणतात, तिचा एक धागा कामगार चळवळीतूनही आलेला आहे. तेवढ्यापुरते आम्ही बोलतो.

1880 साली कार्ल मार्क्सने फ्रान्समधील कामगारांसाठी एक प्रश्नावली तयार केली. प्रश्न शंभराच्या घरात होते: कारखान्यात हवा खेळते काय, जेवणाला सुट्टी किती, मुलांना शाळा आहे काय. कामगाराचे दुःख कामगारानेच सांगावे, हा विचार मोठाच होता. पण हजारो प्रती वाटूनही उत्तरे अगदी थोडी आली. छापील कागदाला विचारता येते, ऐकता येत नाही.

1882 साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. सरकारचा महसूल रयतेच्या घामाचा, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांसाठी, हे त्यांनी स्पष्ट मांडले. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे मागितले. आयोगाने निवेदन घेतले. सक्ती काही झाली नाही. तेव्हा सांगणाऱ्याचे ऐकून घेणे निराळे आणि ते मनावर घेणे निराळे.

मग सांगणारेच रुसले तर? 1929 साली आपल्या नागपुरात अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. कामगारांची स्थिती तपासण्यास सरकारने नेमलेल्या व्हिटले आयोगावर बहिष्कार घालावा, असा ठराव तेथे झाला. ना. म. जोशी त्या आयोगाचे सभासद होते. ते व त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि संघटना दुभंगली. विचारणारा कोणाचा, हा प्रश्न एवढा मोठा असतो.

याउलट मीना मेनन आणि नीरा आडारकर या दोघीजणी मुंबईच्या गिरणगावातील माणसांना भेटल्या, 1982 च्या संपाच्या आणि त्याआधीच्याही आठवणी त्यांच्याच तोंडून ऐकल्या. 2004 साली त्याचे पुस्तक झाले. कामगाराचा इतिहास तेथे कामगारच सांगतो.

आता अलीकडचे पाहू. 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण ऑनलाइन झाले. ज्याँ द्रेझ आदींनी ऑगस्ट 2021 मध्ये पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांत गरीब वस्त्यांतील सुमारे 1,400 मुलांची पाहणी केली. महाराष्ट्रही त्यांत होता. खेड्यांत नियमित ऑनलाइन शिकणारी मुले 8 टक्के निघाली. विशेष म्हणजे ज्या घरी स्मार्टफोन होता, तेथेही खेड्यांतील हे प्रमाण 15 टक्केच होते. म्हणजे नुसते फोन मोजून मुलाचे शिक्षण मोजले जात नाही.

हे आम्ही आधीच चुकून शिकलो होतो. 2021 च्या फेब्रुवारीत पहिली ते चौथीचे वर्ग बंदच होते. ज्या घरी फोन नाही, तेथील मुलांसाठी एखाद्या ओट्यावर संध्याकाळचा वर्ग काढावा म्हणून आम्ही धानाच्या गिरणीतील हमालांच्या वस्तीत यादी करीत होतो. एका घरी तिसरीतली मुलगी होती. "फोन आहे काय?" आजी म्हणाली, "हाये जी." आम्ही खूण केली आणि निघालो. आजीने पाण्यासाठी थांबवले म्हणून टेकलो. सहज विचारले, "काल पोरीने दिवसभर काय केले?" तेव्हा उत्तर आले, "शेरड्या राखल्या. फोन हाये, पन तो मिरची तोडाले गेला, तिच्या बापासंगं." बाप तेलंगणात होता, फोन त्याच्या खिशात होता.

आजी खोटे बोलली नव्हती. आमचा प्रश्नच आखूड होता. त्या एका खुणेने मुलगी वर्गातून सुटली असती, आणि आधीच्या घरांतून किती सुटल्या असतील? ती यादी आम्ही फाडली व पुन्हा पहिल्या घरापासून निघालो. या वेळी कागद खिशात ठेवला, आधी बसलो, कालच्या दिवसाचे विचारले, सांगणाऱ्याचे शब्द तसेच लिहिले आणि वाचून दाखवले. दिवसाला जेमतेम सहा घरे झाली. पण त्या घरांतील मुले आम्हांस खरोखर कळली.