गतिरोधकावर गाडी बंद पडते, रेस वर-खाली होते? आधी हवेचा मार्ग तपासा

पेट्रोल कारच्या फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंत काय बघायचे, कोणत्या क्रमाने बघायचे; घरी काय करता येईल आणि गॅरेजवर काय सोपवायचे, याची सविस्तर माहिती

रस्त्यावर गाडी झकास पळते, पण गतिरोधकाजवळ क्लच दाबला की इंजिन गपकन बंद. किंवा गाडी नुसती उभी असताना रेस आपोआप वर-खाली होते. एसी लावला की इंजिन थरथरते. अल्टो, वॅगन आर, ओम्नी, इको अशा गाड्या वापरणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. ऊस वाहतुकीच्या हंगामात आणि उन्हाळ्यात, रस्त्यावर धुरळा वाढला की ती आणखी वाढते.

अशा वेळी बऱ्याच ठिकाणी एकच इलाज केला जातो. स्क्रू फिरवून "स्लो" वाढवून दिला जातो. गाडी बंद पडायची थांबते, मालक खूश होतो. पण बिघाड जागेवरच राहतो. शिवाय घाटात किंवा हायवेवर वळण घेताना इंजिन बंद पडले तर ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. त्यामुळे मूळ कारण शोधणे महत्त्वाचे.

स्क्रूचा इलाज आता का चालत नाही?

कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत स्लोचा स्क्रू हाच खरा उपाय होता. साधारण २००० सालानंतर आलेल्या बहुतेक पेट्रोल कार फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. त्यात गाडी उभी असताना इंजिनाला किती हवा द्यायची, हे गाडीचा कॉम्प्युटर म्हणजे ईसीएम ठरवतो.

हवेचा मार्ग असा असतो: बाहेरची हवा नळीतून फिल्टरच्या डब्यात येते, तिथून जाड रबरी पाईपने थ्रॉटल बॉडीत जाते आणि पुढे मॅनिफोल्डमधून सिलिंडरमध्ये. ॲक्सिलरेटर दाबला की थ्रॉटलची गोल पाकळी उघडते. पाय काढला की ती जवळजवळ मिटते. मग इंजिन चालू ठेवण्यापुरती हवा एका छोट्या झडपेतून दिली जाते. तिला आयएसी किंवा आयएससी व्हॉल्व्ह म्हणतात. नव्या गाड्यांत वेगळी झडप नसते. तिथे थ्रॉटलची पाकळीच मोटरने किंचित उघडी ठेवली जाते. ओळखायची खूण सोपी: थ्रॉटल बॉडीला ॲक्सिलरेटरची तार जोडलेली दिसली तर झडपवाली गाडी, तार नसेल तर इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल.

बहुतेक छोट्या पेट्रोल कारचे इंजिन गरम झाल्यावर उभ्या गाडीत मिनिटाला ७०० ते ९०० फेरे घेते. सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर रेस थोडा वेळ चढलेली राहते. तो बिघाड नव्हे.

लक्षणावरून अंदाज

- पाय काढताच इंजिन बंद: थ्रॉटलला कार्बन किंवा आयएसी झडप अडकलेली.
- रेस सतत वर-खाली: कुठून तरी जादा हवा खेचली जात आहे, किंवा झडप अडकत आहे.
- इंजिन गरम होऊनही रेस चढलेलीच: हवेची गळती, ॲक्सिलरेटरची तार ताणलेली, कुणीतरी फिरवलेला स्क्रू, किंवा कुलंट कमी असणे वा त्याचा तापमान सेन्सर बिघडणे.
- पिकअप कमी, चढाला दम लागतो: फिल्टर चोंदलेला.
- रेस स्थिर पण गाडी थरथरते: हवेपेक्षा इंजिन माउंटिंग किंवा स्पार्क प्लगकडे बघावे.

हात घालण्यापूर्वी

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये आणि मोकळ्या हवेत उभी करावी. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये, धूर जीवघेणा असतो. पंखा आणि पट्ट्यापासून उपरणे, ओढणी, सैल बाही लांब ठेवावी. ओम्नी आणि इकोचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. तिथे जागा अपुरी आणि गरम असल्याने इंजिन निवल्यावरच हात घालावा. कोणतीही नळी काढण्यापूर्वी मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. जोडताना तोच कामी येतो.

१. एअर फिल्टर

एक लिटर पेट्रोल जाळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. ही सगळी हवा त्या कागदी फिल्टरमधून जाते. डब्याच्या क्लिपा काढून फिल्टर बाहेर घ्यावा आणि उन्हाकडे धरून बघावा. उजेड आरपार दिसत नसेल तर तो बदलावा. कोरडी धूळ असेल तर कमी दाबाच्या हवेने आतल्या म्हणजे स्वच्छ बाजूकडून बाहेरच्या बाजूला फुंकावी. पाण्याने धुऊ नये, दगडावर आपटू नये, पंक्चरवाल्याच्या पूर्ण दाबाची नळी जवळून मारू नये. कागदाला बारीक भोक पडले तर फिल्टर असून नसल्यासारखा.

डब्यात एकदा नीट डोकवावे. गाडी आठवडाभर उभी राहिली की उंदीर तिथे घर करतात. कडबा, चिंध्या, दाणे सापडणे ही गावाकडे नवलाची गोष्ट नाही. डबा ओल्या कापडाने पुसावा, फिल्टरची रबरी कड चहूबाजूंनी बसली आहे ना ते बघावे आणि सगळ्या क्लिपा लावाव्यात.

फिल्टर बदलण्याचा सर्व्हिस बुकातला आकडा साध्या वापरासाठी असतो. धुळीच्या रस्त्यावर फिल्टर त्याहून लवकर तपासावा आणि बदलावा लागतो. पाणंद आणि मुरमाच्या रस्त्यावर रोज फिरणाऱ्यांनी महिन्यातून एकदा डबा उघडलेला बरा.

२. फिल्टर ते थ्रॉटलचा पाईप

ही तपासणी सगळ्यात जास्त वेळा राहून जाते आणि सगळ्यात महाग पडते. आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांत हवेचा अंदाज मॅनिफोल्डमधल्या दाबावरून, म्हणजे मॅप सेन्सरवरून घेतला जातो. अशा गाडीत हा पाईप फाटला तरी गाडी नीट चालते, चेक इंजिनचा दिवाही लागत नाही. पण फिल्टर न झालेली धूळ थेट इंजिनात जाते. ती पिस्टन रिंगा आणि बोअर घासते. पुढे ऑईल जळते, निळसर धूर येतो आणि काम इंजिन खोलण्यापर्यंत जाते.

तपासायची युक्ती साधी आहे. इंजिन बंद ठेवून पाईप काढावा आणि त्याची आतली बाजू पांढऱ्या कापडाने पुसावी. थोडा तेलकटपणा चालतो. कापडावर मातीची धूळ आली तर फिल्टर, त्याची कड किंवा पाईप यांपैकी काहीतरी गळत आहे. पाईपच्या घड्या ताणून भेगा बघाव्यात आणि क्लॅम्प आवळावेत.

३. थ्रॉटलच्या पुढची हवा गळती

मॅनिफोल्डला अनेक बारीक नळ्या जोडलेल्या असतात: ब्रेक बूस्टरची, पीसीव्ही व्हॉल्व्हची, पेट्रोल टाकीच्या वाफेची, काही गाड्यांत मॅप सेन्सरची. उन्हाने रबर कडक होते, उंदीर कुरतडतात. गळती छोटी असेल तर कॉम्प्युटर झडप मिटून सांभाळून घेतो. मोठी झाली की रेस चढते किंवा वर-खाली होते.

इंजिन चालू ठेवून "सूंऽ" असा आवाज येतो का ते ऐकावे. मग बाटलीतून साबणाचे पाणी नळीच्या जोडावर थोडे फवारावे. रेस क्षणभर बदलली तर गळती तिथेच. पाणी वायरिंग, कॉईल आणि प्लगवर जाऊ देऊ नये. काहीजण याच कामासाठी पेट्रोल शिंपडतात. तसे अजिबात करू नये. सायलेन्सरचा गरम भाग जवळच असतो, भडका उडायला वेळ लागत नाही.

ब्रेक बूस्टरची चाचणी वेगळी करावी. इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबावा, म्हणजे पेडल कडक होईल. मग पेडलवर पाय ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल थोडे खाली गेले तर बूस्टर काम करतो. गेले नाही, किंवा ब्रेक दाबताच रेस बदलते, तर गाडी थेट गॅरेजला न्यावी.

४. थ्रॉटल बॉडी

पाईप काढल्यावर पाकळी दिसते. तिच्या कडेला काळा चिकट थर असेल तर हवेची वाट अरुंद झालेली असते. पाय काढताच इंजिन बंद पडण्याचे हे एक नेहमीचे कारण.

सफाईसाठी थ्रॉटल बॉडी क्लीनरचा स्प्रे घ्यावा. किल्ली बंद ठेवून स्प्रे स्वच्छ कापडावर मारावा आणि पाकळीची कड, मागची बाजू आणि भोवतालची भिंत पुसावी. पेचकस, ब्लेड, तारेचा ब्रश वापरू नये. तारवाल्या गाडीत पाकळी हाताने उघडता येते. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी बोटाने ढकलू नये. आतले गिअर बिघडतात आणि किल्ली ऑन असेल तर पाकळी झटक्यात मिटून बोट चिरू शकते. अशा गाडीची सफाई माहीतगार मेकॅनिककडूनच करावी.

सफाईनंतर सुरुवातीला रेस जरा चढलेली वाटते. कॉम्प्युटरला नवा अंदाज शिकावा लागतो. काही गाड्यांत इंजिन गरम करून काही मिनिटे नुसते चालू ठेवले, मग एसी लावून ठेवले की रेस जागेवर येते. काहींत स्कॅनर लावून शिकवावे लागते.

५. आयएसी व्हॉल्व्ह

गरम इंजिन चालू असताना एसी, हेडलाइट आणि पंखा एकदम लावावा. रेस क्षणभर दबून पुन्हा सावरली तर झडप काम करते. दबून इंजिन बंद पडले तर झडपेवर किंवा तिच्या वाटेत कार्बन असण्याची शक्यता मोठी. झडप काढून तिचे टोक आणि थ्रॉटल बॉडीतले भोक पुसावे. टोक हाताने ओढू किंवा दाबू नये. मोटरचा भाग स्प्रेमध्ये भिजवू नये. बसवताना सील तपासावे. वायरचा सॉकेट सैल किंवा हिरवट पडला आहे का, तेही बघावे. नवी झडप घेण्यापूर्वी सॉकेट आणि वायर तपासलीच पाहिजे.

६. मोबाईल आणि स्कॅनर

२०१३ नंतरच्या बहुतेक कारमध्ये स्टिअरिंगखाली ओबीडी सॉकेट असते. त्यात छोटा ब्लूटूथ स्कॅनर लावला की मोबाईल ॲपवर रेस आणि बिघाडाचे कोड दिसतात. पी ०५०५ म्हणजे आयडल यंत्रणेत बिघाड, पी ०५०६ म्हणजे रेस अपेक्षेपेक्षा कमी, पी ०५०७ म्हणजे जास्त. पी ०१०७ आणि पी ०१०८ हे मॅप सेन्सरचे.

मॅप सेन्सर ढोबळमानाने तपासता येतो. किल्ली ऑन, इंजिन बंद असताना आकडा बाहेरच्या हवेच्या दाबाइतका हवा: किनारपट्टीला १०० किलोपास्कलच्या आसपास, पठारावर ९४ ते ९६. गरम इंजिन चालू असताना तो साधारण ३० ते ४० पर्यंत उतरतो. खूप वर राहिला तर गळती शोधावी.

कोड म्हणजे पार्ट बदलण्याची चिठ्ठी नव्हे. पी ०५०७ फाटक्या नळीमुळेही येतो. आणि कोड पुसला म्हणजे बिघाड गेला असे नाही.

एलपीजी, सीएनजी किट असेल तर

बाहेरून बसवलेल्या अनेक किटमध्ये गॅसचा मिक्सर हवेच्या पाईपमध्येच असतो. बॅकफायर झाला, म्हणजे "फट" आवाज आला, की फिल्टरचा डबा फुटू शकतो किंवा पाईप निसटतो. असा आवाज झाल्यावर डबा आणि पाईप लगेच तपासावेत. पेट्रोलवर गाडी ठीक आणि गॅसवरच बंद पडत असेल, तर दोष बहुधा किटच्या सेटिंगमध्ये, रिड्यूसरमध्ये किंवा प्लगमध्ये असतो. गॅसच्या नळीला घरी हात लावू नये.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडले तर

- घाबरून ब्रेक वारंवार मारू नये. बूस्टरमधला व्हॅक्यूम एक-दोन वेळाच पुरतो. एकदाच जोराने दाबून धरावा.
- किल्ली काढू नये, स्टिअरिंग लॉक होते.
- स्टिअरिंग जड होईल, पण वळते. दोन्ही हातांनी धरून गाडी कडेला घ्यावी आणि चारही इंडिकेटर लावावेत.
- उतारावर गाडी कधीच न्यूट्रल करून सोडू नये. थांबल्यावर हँडब्रेक ओढून चाकाला दगड लावावा.

गॅरेजमध्ये काय सांगावे?

"गाडी मिसिंग मारते" एवढे सांगून भागत नाही. बिघाड थंड इंजिनात होतो की गरम, एसी लावल्यावर की नुसताच, पेट्रोलवर की गॅसवर, हे सांगावे. त्या वेळचा मीटरचा आणि आवाजाचा व्हिडिओ दाखवावा. फिल्टर, पाईप, नळ्या, थ्रॉटल, झडप आणि शेवटी सेन्सर, याच क्रमाने बघायला सांगावे. बदललेला जुना पार्ट मागून घ्यावा. स्लोचा स्क्रू फिरवायचा प्रस्ताव आला तर आधी कारण विचारावे. हा स्क्रू कंपनीने ठरवून बसवलेला असतो. तो फिरवल्याने थ्रॉटल सेन्सरचा अंदाज चुकतो, पेट्रोल जास्त जाते आणि पुढच्या मेकॅनिकला खरा दोष सापडणे अवघड होते.

डिझेल गाड्यांत आयडलची यंत्रणा वेगळी असल्याने झडपेची माहिती त्यांना लागू नाही. मात्र फिल्टर, डबा आणि पाईपची तपासणी तितकीच गरजेची आहे. कापडाची चाचणी डिझेल गाडीलाही चालते.