सुगंधी द्रव्यांची मानवी त्वचेवरील परीक्षा

योझेफ यादासोन यांनी १८९५ मध्ये ग्राट्स येथील त्वचारोगतज्ज्ञांच्या परिषदेत पट्टी-परीक्षा मांडली, तेव्हा तिचा हेतू निदानाचा होता. पाऱ्याच्या मलमाने ज्यांना त्वचादाह झाला, त्यांच्याच त्वचेवर ते द्रव्य पुन्हा लावून कारण निश्चित करावयाचे, एवढाच. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत तिला निराळे वळण लागले. द्रव्य ॲलर्जी उत्पन्न करते की काय, हे आता निरोगी माणसावर पाहावयाचे होते. हा भेद वरवरचा नव्हे. पहिल्या परीक्षेत असलेली ॲलर्जी उघड होते. दुसरीत ती नव्याने जडू शकते, आणि जडली की बहुधा जन्मभर राहते.

या दुसऱ्या पद्धतीचे सर्वांत कठोर रूप म्हणजे अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेली मॅक्सिमायझेशन परीक्षा. सोडियम लॉरिल सल्फेटने त्वचा क्षुब्ध करावयाची आणि त्याच जागी द्रव्याची बंद पट्टी ४८ तास ठेवावयाची, असे पाच वेळा. मग काही दिवसांच्या विश्रांतीनंतर अन्यत्र अंतिम चाचणी. व्यक्ती अवघ्या २५. ही कठोरता अकारण नव्हती. दहांत एकाला बाधणारे द्रव्यही २५ जणांत कोणालाच न बाधण्याचा संभव शेकडा ७ उरतो; संख्येची ही उणीव तीव्रतेने भरून काढावयाची होती.

त्याच वर्षी अमेरिकेत सुगंधी द्रव्यांच्या उद्योगाने स्वतःची संशोधनसंस्था स्थापिली. तिच्या वतीने १९७३ पासून निघालेल्या द्रव्यवार टिपणांत २५ स्वयंसेवकांवरील या परीक्षेचा उल्लेख वारंवार येतो. ‘स्वयंसेवक’ हा शब्द मात्र तपासूनच घ्यावयास हवा. क्लिगमन यांची पद्धती घडली ती फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर. त्यांतील बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. कित्येक तर जामिनाला पैसा नाही म्हणून खटल्याची वाट पाहत पडलेले. परीक्षेचा मोबदला तुरुंगातील अन्य कामाच्या वेतनाहून पुष्कळच अधिक असे. १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेला अभिप्रेत असलेली मुक्त संमती अशा जागी कितपत संभवते? तेथील प्रयोग १९७४ मध्ये थांबले. नगरशासनाने क्षमा मागितली ती २०२२ मध्ये.

मानवी स्वयंसेवकांवरील अशा पूर्वानुमानी चाचण्यांसंबंधी युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने २००० मध्ये नैतिक आक्षेप नोंदविले. तथापि जुने निष्कर्ष बाद झाले नाहीत. सुगंधी द्रव्यांच्या सुरक्षिततेची मूल्यांकने आजही त्यांचा आधार घेतात. आणि त्या तक्त्यांत बाधा झालेल्यांचा आकडा असतो, पुढे त्यांच्या त्वचेचे काय झाले याची नोंद नसते.