गुरुवारचा आवाज : डॅक, भोसरी आणि कानाचं मोजमाप

आत येताना दोघा-तिघांनी विचारलं, "गुरुवारचा आवाज म्हणजे दत्ताची भजनं वगैरे का?" नाही. पण गुरुवारशी संबंध मात्र पक्का आहे. भोसरी, पिंपरी-चिंचवडच्या एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे. विजेचा भार सगळ्यांचा एकदम पडू नये म्हणून निरनिराळ्या भागांना निरनिराळे वार वाटून दिलेले. आजची गोष्ट या सुट्टीच्या वारानेच उलगडली, म्हणून व्याख्यानाला ते नाव.

विषय आहे डॅक. डिजिटल आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी चिप. आज ती तुमच्या मोबाइलमध्ये आहे, टीव्हीत आहे, हेडफोनच्या इवल्याशा डोंगलमध्ये आहे, आणि कुणाचं तिच्याकडे लक्षही जात नाही. पण एक काळ असा होता की कामगार वस्तीतल्या दोन खोल्यांच्या घरात पाच-सहा माणसं त्या एका चिपभोवती सोल्डरिंग आयर्न घेऊन रात्र-रात्र बसायची. मी त्यातलाच एक. तेव्हा भोसरीत एका छोट्या कारखान्यात क्वालिटीला होतो.

आधी थोडा मागचा इतिहास. सोनीचा सीडीपी-१०१ हा पहिला सीडी प्लेअर १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. सीडीवर दर सेकंदाला प्रत्येक चॅनलचे ४४,१०० आकडे असतात. हा विचित्र आकडा आला कुठून? तर व्हिडिओ रेकॉर्डरमधून. त्या काळी एवढी माहिती साठवायला चित्राची टेपच काय ती उपलब्ध होती. युरोपातल्या आणि आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीत सेकंदाला ५० फील्ड. प्रत्येकात वापरता येणाऱ्या २९४ ओळी. एका ओळीत ३ नमुने. करा गुणाकार : ४४,१००. अमेरिका-जपानच्या पद्धतीत ६० फील्ड, २४५ ओळी, ३ नमुने. पुन्हा तेच उत्तर. दोन्हीकडे जमतो म्हणून हा आकडा राहिला.

आता प्रत्येक आकडा किती बारीक असावा, यावर फिलिप्स आणि सोनीचं एकमत नव्हतं. फिलिप्सकडे १४ बिटची चिप तयार होती, टीडीए १५४०. सोनीचा आग्रह १६ बिटचा, आणि तोच मान्य झाला. मग फिलिप्सच्या इंजिनिअरांनी काय केलं बघा. हातातली १४ बिटचीच चिप घेतली, पण तिला चौपट वेगाने, म्हणजे १७६.४ किलोहर्ट्झला पळवलं, आणि उरलेली चूक ऐकू न येणाऱ्या वरच्या पट्टीत ढकलून दिली. कानाला मिळालं ते जवळपास १६ बिटच्या तोडीचं. यालाच ओव्हरसॅम्पलिंग म्हणतात. अडचणीतून काढलेली वाट पुढे सगळ्या जगाची रीत झाली.

पुढे १९८५च्या सुमारास खरी १६ बिटची टीडीए १५४१ आली. तिच्या पोटातली युक्ती मला फार आवडते, आणि टूलरूममध्ये काम केलेल्याला ती लगेच कळते. चिपमध्ये एका विद्युतप्रवाहाचे दोन अगदी समान भाग करायचे असतात, मग त्यातल्या एकाचे पुन्हा दोन, असं खालपर्यंत. पण सिलिकॉनवर दोन भाग तंतोतंत सारखे होत नाहीत. फिलिप्सचे रुडी व्हॅन डे प्लासे यांनी मार्ग काढला : भाग सारखे करत बसू नका, त्यांची सतत अदलाबदल करा. एकदा हा डावीकडे, एकदा तो. सरासरी आपोआप समान होते. आता सांगा, स्पिरिट लेव्हल खरी आहे का हे आपण कसं बघतो? एकदा ठेवून वाचतो, मग तिथेच उलटी फिरवून वाचतो. चूक दोन्ही बाजूंना सारखी पडते आणि निघून जाते. तेच तत्त्व, फक्त सेकंदाला हजारो वेळा. त्या अदलाबदलीची थरथर शोषायला चिपच्या बाहेर १४ छोटे कपॅसिटर लागतात. हे १४ लक्षात ठेवा, कारण आमची पहिली धाड त्यांच्यावरच पडली.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्यातल्या एका ज्येष्ठ टूलरूमवाल्याकडे, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो, आखातातून परतलेल्या नातेवाइकाचा जुना सीडी प्लेअर आला. आत टीडीए १५४१. काही महिन्यांनी तसाच दुसरा जुन्या बाजारात मिळाला. म्हणजे एकाच मॉडेलचे दोन नग. क्वालिटीवाल्याला याहून काय हवं! एक तसाच ठेवायचा आणि दुसऱ्यावर प्रयोग करायचे, असं ठरलं. पार्ट आणायला बुधवार पेठेतली तपकीर गल्ली होतीच.

प्रयोग करायचो गुरुवारी. दुसरा दिवसच मोकळा नव्हता. पहिल्या गुरुवारी ते १४ कपॅसिटर बदलले, चांगले फिल्मचे घातले. लावलं किशोरीताईंचं गाणं. सगळे म्हणाले, वा! तानपुरा मोकळा झाला. पुढच्या गुरुवारी ऑप-अँप बदलला. पुन्हा वा! त्याच्या पुढच्या वेळी आउटपुटचे कपॅसिटर. पुन्हा वा! प्रत्येक बदल यशस्वी. कारखान्यात कधी असं झालंय का हो, की सलग चार बदल केले आणि चारही लागू पडले?

मग आला तो जपानी विचार. र्योहेई कुसुनोकी यांनी १९९६-९७ मध्ये तिथल्या एका ऑडिओ मासिकात मांडलं की ओव्हरसॅम्पलिंगचं फिल्टर काढूनच टाका, सीडीचे आकडे सरळ डॅकला द्या. जगभरचे हौशी लोक त्याच्या मागे लागले, तसे उशिरा का होईना आम्हीही. एक चिप काढली, काही तारा ओढल्या. आवाज मऊ झाला, यावर सगळ्यांचं एकमत.

याच सुमारास कारखान्यात क्यूएस ९००० आलं. गाड्यांच्या कंपन्यांना माल द्यायचा तर ते प्रमाणपत्र हवं. त्यात एक प्रकरण होतं मोजमापाच्या पद्धतीचंच मोजमाप करायचं. गेज आर अँड आर. दहा नग घ्या, तीन माणसं घ्या, प्रत्येकाने प्रत्येक नग दोन-तीन वेळा मोजा, आणि आधीचं वाचन कुणाला दिसू देऊ नका. मग कळतं की फरक नगांत आहे, माणसांत आहे की मायक्रोमीटरमध्ये. मी दिवसभर हे फॉर्म भरायचो आणि संध्याकाळी मामांकडे जाऊन "तानपुरा मोकळा झाला" म्हणायचो! एके दिवशी माझीच मला लाज वाटली.

मग आम्ही कानांचं आर अँड आर करायचं ठरवलं. आधी व्होल्टेज मोजलं. टेस्ट सीडीवरचा १ किलोहर्ट्झचा सूर वाजवला. जुना प्लेअर २.०० व्होल्ट, सुधारलेला २.१४. सात टक्के जास्त, म्हणजे साधारण ०.६ डेसिबल. एवढा फरक 'मोठा आवाज' म्हणून जाणवत नाही, 'चांगला आवाज' म्हणून जाणवतो. ही फार फसवी जागा आहे. पोटेन्शिओमीटर लावून दोघांची पातळी समान केली, पडदा टांगला, आणि पडद्यामागे मामांच्या मुलाला बसवलं. नाणं उडवून तो प्लेअर निवडणार, आम्ही ओळखायचं. सोळा वेळा. सोळापैकी १२ बरोबर आले तर ते निव्वळ नशिबाने येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी, म्हणून १२ ही आमची रेघ.

कपॅसिटर आणि ऑप-अँप बदललेल्या स्थितीत, फिल्टर जागेवर ठेवून : एकाचे ९, दुसऱ्याचे ७, माझे ८. खोलीत कुणी बोलेना. चार महिन्यांचं काम आणि तपकीर गल्लीची बिलं! नंतर, २००७ साली बोस्टनच्या मायर आणि मोरान यांनी उच्च दर्जाचा आवाज मधूनच सीडीच्या दर्जावर उतरवून अशीच चाचणी प्रसिद्ध केली. ५५४ पैकी २७६ बरोबर, म्हणजे नाणंफेकच. ते वाचून थोडं समाधान वाटलं खरं.

मग फिल्टर काढून चाचणी केली. मामांचे १४. हा फरक खरा होता! कारणही गणितात बसतं. ओव्हरसॅम्पलिंग नसेल तर आकड्यांच्या पायऱ्या तशाच राहतात आणि वरच्या पट्टीचा आवाज घसरतो. १० किलोहर्ट्झला पाऊण डेसिबल, २० किलोहर्ट्झला तीनहून थोडा जास्त. तानपुऱ्याची जवारी म्हणजे वरच्या स्वरांशांचाच खेळ, सी. व्ही. रामन यांनी १९२० च्या दशकात त्यावर लिहिलं आहे. त्या स्वरांशांची धार किंचित बोथट झाली की आपण म्हणतो, मऊ झालं. म्हणजे आम्ही ज्याला सुधारणा म्हणत होतो ती मोजता येणारी घट होती. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "असू दे. मला बोथटच आवडतंय." यावर काय बोलणार? आवड मोजायचं गेज कुणाकडे नाही.

पण मामांचा एक हट्ट कायम होता. ते म्हणायचे, "तुमचा पडदा मान्य. पण गुरुवारी आवाज चांगला लागतो, हे मी लिहून देतो." आम्ही हसलो. अहो, सुट्टीचा दिवस, पोटभर झोप, बाहेर पॉवर प्रेसची धडधड नाही. चांगला लागणारच! मामा गप्प बसले आणि त्यांनी शिफ्टच्या लॉगबुकसारखी वही घातली. रोज रात्री नवाला एकच सीडी, एकच ट्रॅक. आधी शेरा लिहायचा, मग मेन्सचं व्होल्टेज वाचायचं. क्रम उलटा नाही. दीड महिन्याने वही आणली. गुरुवारी व्होल्टेज २२५ ते २३०. बाकीच्या दिवशी, सेकंड शिफ्ट चालू असताना, १९५ ते २००. आणि कमी व्होल्टेजच्या दिवशी जवळपास दर वेळी एकच शेरा : 'खाली घूं'.

झाकण उघडलं. प्लेअरच्या ट्रान्सफॉर्मरला २२० आणि २४० असे दोन टॅप होते आणि जम्पर होता २४० वर. चिपला उणे १५ व्होल्टचा पुरवठा लागतो. त्याच्या रेग्युलेटरला आत येताना दोनेक व्होल्ट जास्त मिळाले तरच तो काम करतो. मेन्स १९५ झाले की तिथे जेमतेम सोळा पोचत होते. रेग्युलेटर हात टेकायचा आणि १०० हर्ट्झची घरघर सरळ चिपमध्ये शिरायची. गुरुवारी ती नसायची.

आमची पडद्याची चाचणी हे पकडूच शकत नव्हती, कारण दोन्ही प्लेअर एकाच वेळी एकाच प्लगवर, दोघांचा जम्पर २४० वर, दोघांना सारखाच त्रास. आणि आधीचे सलग चार 'वा' कुठून आले तेही कळलं. बदल करायचो गुरुवारी आणि तुलना करायचो बुधवारच्या आठवणीशी! काहीच न बदलता नुसतं झाकण उघडून लावलं असतं तरी आवाज सुधारला असता.

जम्पर २२० वर केला. खर्च शून्य. दुसऱ्या दिवसापासून वहीतला 'खाली घूं' हा शेरा गेला.

पुढचं थोडक्यात सांगतो. दुरुस्तीसाठी जुने प्लेअर आम्ही चिखली-कुदळवाडीच्या भंगार गोदामांतून आणायचो. तिथल्या गोदामांवर फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने कारवाई केली, तो रस्ताही बंद झाला. आता सर्किटमध्ये बदल करण्याजोगं काही उरलेलंही नाही. डॅक, फिल्टर, ॲम्प्लिफायर सगळं नखाएवढ्या चिपमध्ये बसतं आणि मोजून पाहिलं तर टीडीए १५४१ ला मागे टाकतं. ज्या फिलिप्सने ती चिप काढली, त्यांचा कारखाना आज आपल्या चाकणला आहे, पण तिथे बनतात रुग्णालयांची यंत्रं.

मामांचा तो प्लेअर आता माझ्याकडे आहे, फिल्टर काढलेला, बोथट. मध्यंतरी घरी व्होल्टेज पाहिलं तर २४४. इतक्या वर्षांनी जम्पर पुन्हा २४० वर आणून ठेवलाय. बरं, आता प्रश्न घेऊ या. हां, मागे तुम्ही, बोला.